कात टाकणारी काच: न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या खिडक्यांचं प्रकरण

जमिनीखालून धावणाऱ्या गाडीला खिडकी हवीच कशाला, बाहेर तर काळोख, असं पहिल्यांदा वाटतं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने रोज कामाला जाणाऱ्याला तसं वाटत नाही. गाडी थांबली की फलाटाच्या भिंतीवर टाइलमध्ये जडवलेलं किंवा लोखंडी खांबावर लिहिलेलं स्टेशनचं नाव तो खिडकीतूनच वाचतो. जुन्या डब्यांतल्या घोषणा खरखरीत विरून जायच्या, तेव्हा तर काचेशिवाय दुसरा आधार नव्हता. फलाटावरच्या पोलिसालाही डब्यात काय चाललंय ते ह्याच काचेतून दिसतं. काच खराब झाली की नुसती शोभा जात नाही. माणूस चुकीच्या स्टेशनावर उतरतो, आणि रात्रीच्या रिकाम्या डब्यात पाऊल टाकायला बिचकतो.

मी काचेच्या कामातला माणूस. बसच्या, दुकानांच्या, लिफ्टच्या काचांवरचे ओरखडे घासून काढणं आणि फिल्म बसवणं हे माझं रोजचं काम. ह्या धंद्यात शिरणाऱ्या नव्या मुलांना मी एक गोष्ट अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो, ती न्यूयॉर्कची. सार्वजनिक वाहनाच्या काचेवर जे जे होऊ शकतं ते सगळं तिथे ओळीने झालं: आधी रंग, मग ओरखडा, मग आम्ल. दर वेळी रेल्वेला सापडलेला उपाय पुढच्या वेळी कामी आला नाही. तो का आला नाही हे ज्याला उमगलं, त्याला हे काम उमगलं असं मी धरून चालतो.

रंगाची अठरा वर्षं

२१ जुलै १९७१ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये ‘ताकी १८३’ ह्या सहीबद्दल बातमी आली. १८३ व्या रस्त्यावर राहणारा, निरोप आणि पाकिटं पोचवण्याचं काम करणारा एक मुलगा जाईल तिथे आपलं टोपणनाव आणि रस्त्याचा नंबर मार्करने लिहीत सुटला होता. बातमी छापून आली आणि त्याच्यासारखे शेकडो झाले. मार्करच्या जागी स्प्रेचा डबा आला, सहीच्या जागी चित्र आलं. काही वर्षांत डबेच्या डबे जोत्यापासून छतापर्यंत रंगलेले दिसू लागले. अख्खा डबा रंगवणारा काचा सोडून रंगवत नसे, खिडक्याही त्यातच जायच्या. ह्या रेल्वेचा बराच भाग जमिनीवरून, लोखंडी पुलांवरून जातो. तिथे भर दुपारी आत बसलेल्या माणसापर्यंत उजेड पोचायचा तो निळ्या-तांबड्या थरातून गाळून.

रेल्वेने काय केलं नाही? १९७२ मध्ये महापौर जॉन लिंडसे ह्यांच्या काळात शहराने ह्याविरुद्ध कायदा केला. १९७३ मध्ये सगळे डबे नव्याने रंगवायला काढले, आणि लिहिणाऱ्यांना कोरी पाटी मिळाली. १९७७ मध्ये कोनी आयलंडच्या यार्डात डबे रसायनाने धुण्याची सोय झाली. लिहिणारी मुलं तिला ‘बफ’ म्हणत. रंग पुरता निघत नसे. विरघळायचा, पसरायचा, आणि डब्यावर मळकट ढग राहायचा.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण हीच चूक आजही होते. काचेवरचा रंग काढणं हे खरं तर सगळ्यात सोपं काम. काचेला छिद्रं नाहीत, रंग वरच बसतो. काच ओली करायची, साबणाचं पाणी भरपूर ठेवायचं, नवं पातं स्क्रॅपरमध्ये लावायचं आणि आडवं धरून एकाच दिशेने ढकलायचं. पुढे-मागे घासायचं नाही. पात्याखाली अडकलेला कण मागे येताना चरा पाडतो. मार्करची शाई स्पिरिटने जाते. अडचण काचेच्या कडेला असते. रंग पातळ करणारं जहाल द्रावण कडेच्या रबरात उतरलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी झिरपतं. खिडकी काचेऐवजी पॉलिकार्बोनेटची, म्हणजे एका कणखर पारदर्शक प्लास्टिकची, असेल तर थिनर लावायचाच नाही. पाच मिनिटांत आत बारीक तडे जाऊन ती कायमची धुरकट होते. अशी बिघडलेली खिडकी मला परत नीट करता आलेली नाही. ती कुणालाच करता येत नाही.

१९८१ मध्ये महापौर एड कॉच ह्यांच्या आग्रहाने कोरोना यार्डाभोवती दुहेरी कुंपण घातलं गेलं आणि दोन कुंपणांमधल्या पट्ट्यात जर्मन शेफर्ड कुत्री सोडली गेली. आत पांढऱ्या रंगवलेल्या गाड्या उभ्या. हे यार्ड ७ नंबरच्या मार्गावरचं. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना हा मार्ग चांगला ठाऊक आहे. जॅक्सन हाइट्सच्या देशी बाजाराला ह्याच गाडीने जायचं, आणि शेवटच्या स्टेशनावर उतरून फ्लशिंगच्या गणपती मंदिरालाही. त्या मंदिरात १९७७ मध्ये गणपतीची प्रतिष्ठापना झाली, तेव्हा ह्या मार्गावरचे डबे रंगाने माखलेले होते.

वळण आलं १९८४ मध्ये. भुयारी रेल्वे ज्याच्या हाताखाली येते त्या वाहतूक प्राधिकरणाचे, एमटीएचे, रॉबर्ट काइली तेव्हा अध्यक्ष होते. त्यांनी फिलाडेल्फियाची वाहतूक सांभाळलेल्या डेव्हिड गन ह्यांना भुयारी रेल्वेचे प्रमुख म्हणून आणलं. गन ह्यांचा नियम ऐकायला साधा होता. एकदा स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंग अंगावर घेऊन प्रवाशांसमोर येणार नाही. कुणी लिहिलं तर पुसून मगच बाहेर, आणि पुसायला वेळ लागणार असेल तर तो डबा गाडीतून काढायचा. सगळे डबे एकदम हाती घेतले नाहीत. एकेक मार्ग, एकेक गाडी घेतली, आणि जी जिंकली ती परत हरायची नाही असं ठरवलं. १२ मे १९८९ ला रंगवलेला शेवटचा डबा सेवेतून गेला. ताफा सहा हजारांहून जास्त डब्यांचा. पाच वर्षं लागली.

लोक ह्या यशाचं श्रेय पोलिसांना देतात, कुत्र्यांना देतात. मला ते पटत नाही. रंगवणाऱ्या मुलाला ह्यातून पैसा मिळत नव्हता. त्याची कमाई एकच: उद्या सकाळी त्याचं नाव ब्राँक्सपासून ब्रुकलिनपर्यंत फिरणार आणि दोस्त ते बघणार. गन ह्यांनी ती कमाई बंद केली. रात्रभर जागून काढलेलं चित्र यार्डाबाहेरच पडेना, मग कोण जागणार? पण हे करता आलं ते दोन गोष्टी हाताशी होत्या म्हणून. १९८२ पासून रेल्वेत मोठी भांडवली गुंतवणूक सुरू झाली होती. जपानच्या कावासाकीचे स्टेनलेस स्टीलचे नवे डबे येत होते, जुने डागडुजी होऊन परतत होते, त्यामुळे खराब डबा बाजूला काढायला ऐपत होती. आणि दुसरी गोष्ट, रंग पुसायला लागणारा वेळ रंगवायला लागणाऱ्या वेळापेक्षा कमी होता. स्टीलवरचा आणि काचेवरचा रंग तासाभरात जातो. तो काढण्यासाठी सफाईवाला रात्र घालवत नाही, ती रंगवणाऱ्याचीच जाते.

ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

दहा सेकंदांचा चरा

डब्याबाहेर लिहिणं फुकट जाऊ लागलं तसं लिहिणं आत आलं, आणि आत आलं ते काचेवर. नव्वदच्या दशकात ह्याला नाव पडलं ‘स्क्रॅचिटी’, म्हणजे खरवडून केलेली ग्राफिटी. दोन स्टेशनांच्या मधल्या वेळात, खिडकीशी टेकून बसल्या बसल्या, हात खांद्याआड ठेवून नाव कोरलं जायचं. डबा यार्डात गाठायला नको, रात्रीची वाट बघायला नको, स्प्रेचा वास नको.

आपल्याकडे एसटीच्या सीटवर, वर्गातल्या बाकावर करकटकाने नावं कोरतात ती ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वाटेल की किल्ली घेतली आणि ओढली. काचेवर ते जमत नाही. किल्ली बहुधा पितळेची असते आणि पितळ काचेहून मऊ. कठीणपणा मोजायच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर खिडकीची काच साडेपाच ते सहाच्या आसपास बसते. तिच्यावर खोल चरा पाडायला तिच्याहून कठीण काहीतरी लागतं. गारगोटी ७ वर आहे. सँडपेपरवरचे कण, ड्रिलचं कार्बाइडचं टोक आणि स्पार्क प्लगची पांढरी चिनीमाती ९ च्या आसपास आहेत. असला चरा कुणी चाळा म्हणून सहज जाता जाता पाडत नाही. तो हत्यार खिशात घालून निघालेला असतो.

मग खिडक्या पॉलिकार्बोनेटच्या का करू नयेत, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ते दगडाला भारी असतं, खरं आहे. पण तिथे पितळेची किल्लीच काय, नाणंसुद्धा पुरतं. आणि उन्हाने काही वर्षांत ते पिवळटतं. जिथे दगडफेकीची भीती मोठी, तिथे ते योग्य. जिथे आतून खरवडण्याची भीती मोठी, तिथे काच बरी.

आता चरा काढायचा कसा? ह्या कामावर मी आयुष्याची चांगली वर्षं घातली आहेत, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

प्रथम नख फिरवायचं. नख अडकलं नाही तर तो वरवरचा ओरखडा, सिरियम ऑक्साइडने निघेल. सिरियम ही फिकट पिवळसर-गुलाबी भुकटी. पाण्यात कालवून दाट पेज करायची आणि नमद्याच्या चकतीने फिरवायची. ती काच नुसती घासत नाही. काचेच्या पृष्ठभागाशी तिची रासायनिक क्रिया होते आणि थर अगदी पातळ पातळ उतरतो, म्हणून चकाकी परत येते. नख अडकलं तर मात्र आधी आजूबाजूची काच चऱ्याच्या तळापर्यंत घासून उतरवावी लागते. जाड दाण्याच्या चकतीपासून सुरुवात, मग मध्यम, मग बारीक, आणि शेवटी सिरियम. दर पायरीला आधीच्या पायरीच्या खुणा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. जो घाई करतो त्याला शेवटी चकाकणाऱ्या काचेत गोल गोल जाळी दिसते, आणि पुन्हा पहिल्यापासून.

ह्यात दोन खड्डे आहेत. पहिला खड्डा अक्षरशः खड्डाच. नवशिका चऱ्यावरच चकती धरून बसतो. चरा जातो, पण तिथे काचेत खोलगट वाटी तयार होते आणि ती भिंगासारखी वागते. उभ्या गाडीत कळत नाही. गाडी चालू लागली की बोगद्यातले दिवे त्या जागी येऊन वाकतात, स्टेशनच्या नावातली अक्षरं लाटेवर चढल्यासारखी हलतात. खिडकीकडे बघून मळमळणारा प्रवासी चऱ्याबद्दल तक्रार करणाऱ्यापेक्षा जास्त वैतागलेला असतो. म्हणून चरा एक वीत लांब असेल तर काम हातभर जागेत पसरावं लागतं, कडेकडे हलकं करत न्यावं लागतं.

दुसरा खड्डा उष्णतेचा. सुरुवातीच्या काळात एका खासगी बसची समोरची काच माझ्या हाताखाली तडकली आहे. लॅमिनेटेड काच होती, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा. मी पाण्याचा फवारा कमी ठेवला होता, चकती एका जागी जास्त रेंगाळली, आणि ‘टिक्’ असा आवाज आला. एवढाच आवाज. तेव्हापासून दर मिनिटाला काचेला हात लावून बघतो. कोमट लागली की थांबतो. टफन, म्हणजे तापवून झटकन गार करून मजबूत केलेल्या काचेचं आणखी वेगळं. तिच्या दोन्ही बाजूंच्या थरांत दाब कोंडलेला असतो, दर बाजूला जाडीच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत. तोच तिचा जोर. वरवर घासलं तर चालतं, पण ज्या चऱ्याने त्या थरात खोल हात घातलाय, त्याच्यामागे आणखी खोल जायचं नाही. ती काच बदलायची.

हिशेब मांडून बघा. चरा पाडायला दहा सेकंद. तो नीट काढायला, तीन चकत्या, सिरियम, धुणं-पुसणं धरून, माझ्यासारख्या हात बसलेल्या माणसाला तासभर सहज लागतो. न्यूयॉर्कच्या एका डब्यात दारांच्या आणि खिडक्यांच्या मिळून वीसहून जास्त काचा. सहा हजारांवर डबे. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास काचा. गन ह्यांचा नियम ओरखड्यांना जसाच्या तसा लावला असता, की खरवडलेली काच घेऊन डबा बाहेर जाणार नाही, तर सकाळी फलाटावर आणायला गाडीच उरली नसती. रंगाच्या वेळी जो तराजू रेल्वेच्या बाजूला झुकलेला होता, तो इथे पुरता उलटला. आता सफाईवाल्याचा तास जात होता आणि लिहिणाऱ्याचे दहा सेकंद. म्हणून खिडक्यांवर नावांवर नावं साचत गेली आणि काचा जाळीदार झाल्या. बाहेरून गाड्या लखलखीत, आत बसलं की समोरचं नाव वाचता येत नाही, अशी अवस्था.

दुधी अक्षरं

त्यानंतर आम्ल आलं, दोन हजार सालानंतर जोरात. काचेच्या पेल्यांवर नक्षी काढण्यासाठी हस्तकलेच्या दुकानात काच कोरायचं मलम आणि द्रावण मिळतं. त्यात हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या कुळातले क्षार असतात, बहुधा अमोनियम बायफ्लोराइड. काच म्हणजे मुख्यत्वे सिलिका, आणि नेहमीची आम्लं सिलिकेला हात लावत नाहीत; प्रयोगशाळेत आम्लं काचेच्या बाटलीत राहतात ती त्यामुळेच. फ्लोराइडचं कूळ हा अपवाद. ते सिलिकाच खातं. मुलांनी हे द्रावण बुटाच्या पॉलिशच्या, स्पंजचं तोंड असलेल्या बाटल्यांत भरलं, ओघळू नये म्हणून त्यात रंग कालवला, आणि काचेवर लिहिलं. काही मिनिटांत अक्षरं दुधी काचेसारखी होतात, आणि पुसलं तरी दुधीच राहतात.

घासणाऱ्याच्या नजरेने आम्लाची खूण चऱ्यापेक्षा उथळ असते, पण पसरलेली असते. खाली ओघळ असतात, काचेच्या कडेपर्यंत. एका अक्षरासाठी अर्धी काच पॉलिश करावी लागते.

मला जास्त काळजी वाटते ती पुसायला जाणाऱ्या माणसाची. हे द्रावण त्वचेवर पडलं तर सौम्य असल्यास लगेच आग होत नाही. काही तासांनी वेदना सुरू होते, तोवर फ्लोराइड आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधू लागलेलं असतं. भाजल्याचा डाग लहान दिसतो आणि इजा खोल असते. ओल्या दुधी अक्षरावरून फडका फिरवणारा सफाई कामगार, खिडकीखालच्या सीटवर सांडलेल्या थेंबावर बसणारी बाई, दोघांनाही ते काय आहे हे कळणार नाही. जिथे आम्लाचा संशय असेल तिथे नेहमीचे पातळ हातमोजे घालून जायचं नाही. भरपूर पाणी, जाड निओप्रीनचे हातमोजे, चश्मा, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल पेटीत. जेल लावलं तरी डॉक्टरकडे जायचंच. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलाला चकती धरायला शिकवण्याआधी मी हे शिकवतो.

शहराने कायद्याचा मार्ग पुन्हा धरला. २००६ पासून २१ वर्षांखालच्यांना स्प्रे रंग, रुंद टोकाचे मार्कर आणि काच कोरायचं आम्ल विकायला आणि त्यांनी सार्वजनिक जागी बाळगायला मनाई झाली. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण कलाकारांनी दाद मागितली, आणि २००७ मध्ये अपील न्यायालयाने १८ ते २० वयाच्या तरुणांपुरती दिलेली स्थगिती कायम ठेवली. त्या विद्यार्थ्यांची बाजू मला रास्त वाटते. ज्याच्या दप्तरात मार्कर आहे तो प्रत्येक जण खिडक्या खराब करणारा नसतो. आणि कायद्याने रंग थांबला नव्हता, तो थांबला डबा बाजूला काढण्याने, हे रेल्वेने स्वतःच्याच अनुभवातून पाहिलं होतं.

कात

काचेवर पडलेली खूण वेळेत काढता येत नाही. मग ती काचेवर पडूच द्यायची नाही. खूण पडायला वरती दुसरं काहीतरी ठेवायचं, आणि ते खराब झालं की सापाने कात टाकावी तसं टाकून द्यायचं. न्यूयॉर्कच्या रेल्वेने डब्यांच्या काचांना आतून पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म लावायला घेतली. ‘मायलार’ हे मूळचं ड्यूपाँ कंपनीचं व्यापारी नाव तिथे सर्रास वापरतात. खरं तर ती पीईटी, पाण्याच्या बाटलीच्या जातीची. अशा कामाची फिल्म साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असते. छपाईचा एक कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे एक-दीड कागदाएवढी.

एवढ्याशा थराने तराजू परत फिरला. जुनी फिल्म कोपऱ्यातून उचलून सोलायची, उरलेला गोंद काढायचा, काच धुवायची, बाळाच्या शाम्पूचे दोन थेंब टाकलेलं पाणी फवारायचं, नवी फिल्म त्यावर तरंगत ठेवून सरकवून जागेवर आणायची आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढायचं. कापलेले तुकडे तयार असतील तर एक खिडकी पंधरा-वीस मिनिटांत होते, आणि घासण्याचं कसब नसलेला माणूसही आठवडाभरात शिकतो. दहा सेकंदांच्या चऱ्याला तास द्यावा लागत होता, तिथे आता पाव तास. आणि डबा त्याच रात्री परत जातो, म्हणजे गन ह्यांचा जुना नियम पुन्हा लावता येतो. आम्लही पीईटीला काचेसारखं खात नाही. ते फिल्मवरच थबकतं.

मात्र फिल्म लावली की झालं, असं समजून चालत नाही. फिल्ममध्ये आरपार चरा गेला असेल तर दुसऱ्या दिवशीचं आम्ल त्याच फटीतून काचेपर्यंत पोचतं. म्हणजे फाटलेली फिल्म ‘अजून चालतेय’ म्हणून ठेवली की उपयोग संपला. फिल्म बदलायचं वेळापत्रक ठरवणाऱ्याच्या हे डोक्यात बसलं पाहिजे.

आधीच खरवडलेल्या काचेवर फिल्म लावावी का, ह्यावर माझं उत्तर हो. फिल्मचा गोंद बारीक ओरखड्यांत आणि दुधी भागात शिरतो, आणि त्या खुणा बऱ्याच दिसेनाशा होतात. मुठीएवढी धुरकट जागा गोंद लागताच निवळलेली मी कित्येकदा पाहिली आहे. खोल चरे मात्र तसेच राहतात, त्यांत हवा अडकते आणि चांदीच्या तारेसारखी चमकते. तेव्हा खोल तेवढे आधी घासायचे, बाकीचे फिल्मवर सोपवायचे. सगळी काच आरशासारखी करून मग फिल्म लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

बर्लिनच्या भुयारी रेल्वेने ह्याच फिल्ममध्ये आणखी एक विचार घातला. तिथल्या खिडक्यांवरच्या फिल्ममध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाजाची छोटी छोटी चित्रं छापली गेली, ओळीने, सगळ्या काचेभर. कोरलेलं नाव त्या नक्षीत हरवतं. कोरणाऱ्याला कोरी पाटी मिळतच नाही. बाहेरचं थोडं कमी दिसतं अशी प्रवाशांची कुरकुर असते, आणि ती खोटी नाही. मी स्वतः साधी फिल्म पसंत करेन, कारण माझ्या लेखी खिडकी आधी बघण्यासाठी आहे.

आपल्या काचा

मुंबईच्या साध्या लोकलमध्ये खिडकीला जाळी आणि सरकती झडप. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला फारसा भेटला नव्हता. २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. तिच्या मोठ्या बंद काचा, मेट्रोच्या काचा, नव्या एसी बसच्या काचा हे सगळं गेल्या दहा-बारा वर्षांतलं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अहमदाबाद मेट्रोच्या डब्यांवर रंग फवारल्याबद्दल चार इटालियन पकडले गेले, म्हणजे रंगाची पायरी आपल्या दारात येऊन गेली आहे. ओरखड्याची पायरी मला एसी बसच्या मागच्या सीटशेजारच्या काचांवर आत्ताच दिसते.

आपल्याकडे हा उपाय उचलताना एक फरक जीवाशी येऊ शकतो, म्हणून बजावून सांगतो. एसी बसमध्ये काही खिडक्या हातोडीने फोडून बाहेर पडायच्या असतात. टफन काच फुटली की तिचा चुरा होऊन खाली पडतो, म्हणून तो मार्ग खुला होतो. तिच्यावर जाड फिल्म असेल तर चुरा फिल्मला चिकटून जागीच राहतो. दगडफेकीत हीच गोष्ट प्रवाशाचे डोळे वाचवते, आगीत तीच वाट अडवते. आपत्कालीन खिडक्यांवर फिल्म लावायचीच नाही. त्या खरवडल्या तर काच बदलायची, खर्च कितीही येवो. शिवाय रस्त्यावरच्या वाहनांच्या काचांवर फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये मनाई केली होती आणि त्यानंतर नियमांत बदलही झाले आहेत. बसच्या मालकाने आजचा नियम आरटीओकडून लेखी घेतल्याशिवाय मी रोल उघडत नाही. फिल्म आग आणि धूर ह्यांच्या चाचणीत उतरलेली हवी, हेही त्या कागदावर असलं पाहिजे.

आणि मागणी नवी गाडी येण्याआधी करायची. गाडी कारखान्यातून निघताना काच स्वच्छ असते, कडेचं रबर नवं असतं, फिल्म रबराच्या ओठाखाली सारता येते. दोन वर्षांनी तीच फिल्म रबराच्या अलीकडे मिलिमीटरभर जागा सोडून कापावी लागते.

ती मिलिमीटरभर कडच सगळ्यात दुबळी जागा. चरा पाडणारे थोडे असतात. कंटाळलेले प्रवासी पुष्कळ. खिडकीशी बसलेल्या शाळकरी मुलाचं बोट आपसूक कोपऱ्याशी जातं, नखाने टोक उचलतं, आणि स्टेशन येईपर्यंत चार बोटं फिल्म सुटलेली असते. त्या सुटलेल्या कडेखाली धूळ शिरते, पाणी शिरतं, आणि एखाद्या रात्री आम्लही शिरेल. म्हणून फिल्म कापताना चारही कोपरे काटकोनात ठेवायचे नाहीत. रुपयाचं नाणं ठेवून त्याच्या कडेने पातं फिरवायचं. गोल कोपऱ्यावर नखाला धरायला टोक मिळत नाही.